दहाव्याची सहल

"बोला काहीतरी," गुरुजी म्हणाले. "माउलीचा जीव कशात तरी अडकलाय. मनात असेल ते मोकळेपणी बोलून टाका, म्हणजे कावळा शिवेल."

आईचा दहावा होता. आम्ही तिघं भावंडं आणि मोठी वहिनी, नाशकात गोदावरीच्या काठावर पिंडाकडे बघत उभे होतो. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या पिंपळावर चांगली रांग लावून बसले होते. पलीकडे दुसऱ्या एका कुटुंबानं पान ठेवलं न ठेवलं तोच कावळा आला, शिवला आणि वरचं भजं उचलून गेलासुद्धा. ती माणसं आवराआवर करून चहाला निघाली. आमच्या पानाकडे मात्र एक मेला ढुंकून बघेल तर शपथ.

"आई, तुझे देव मी पुण्याला नेतो," दिगूदादा म्हणाला. दिगूदादा म्हणजे दिगंबर, आमच्यात सगळ्यांत मोठा, पुण्यात विमा कंपनीतून रिटायर झालेला. "रोज पूजा होईल त्यांची. काळजी करू नकोस."

कावळे जागचे हलले नाहीत.

"सासूबाई, अनघाच्या लग्नात तिला तुमचा शालू नेसवीन हो मी," अलकावहिनी म्हणाल्या. शालूला आधीच कसर लागली होती हे त्यांना आणि मला दोघींनाही ठाऊक होतं. आईलाही ठाऊक असावं, कारण त्याचा काही उपयोग झाला नाही.

मग श्रीरंग पुढे झाला. आमचं शेंडेफळ. कॅनडातून आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन पोचला होता, बायकोला रजा नव्हती म्हणून एकटाच. "आई, मी दरवर्षी येईन. नक्की येईन," तो म्हणाला. त्यावर तर दोन कावळे उडूनच गेले. मला त्याही परिस्थितीत हसू फुटलं, ते मी पदराआड लपवलं.

गुरुजींना पुढे आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. त्यांनी पिशवीतून दर्भ काढला आणि त्याचा कावळा वळायला घेतला. "नाहीच आला तर ह्यानं शिववू," ते म्हणाले. "शास्त्रात सोय आहे."

मी एक अक्षर बोलले नव्हते. आईचा जीव कशात अडकलाय ते मला माहीत आहे, अशी माझी पक्की खात्री होती, आणि ते आपल्या तोंडानं कसं बोलायचं?

लग्न होऊन तीन वर्षं झाली नाहीत तोच नवऱ्यानं मला आणून माहेरी सोडलं, तेव्हापासून मी आईजवळ. घर तिच्या नावावर होतं. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, तळमजला, पुढे तुळशीपुरतं अंगण. बाहेरच्या खोलीत माझा शिवणाचा क्लास. पाच मशिनी होत्या. गल्लीतल्या निम्म्या पोरींनी ब्लाउज बेतायला माझ्याकडे शिकलंय. त्यावर आम्हा दोघींचं भागायचं. मग आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. त्यानंतरचं सगळं मीच केलं. केलं म्हणजे उपकार केले असं मी कधीच म्हटलं नाही, आई होती माझी. पण ती गेल्यापासून दहा दिवस मनात एकच हिशेब चालला होता. हे घर राहिलं तर मी आहे. घर गेलं तर पन्नाशी उलटलेल्या बाईनं पाच मशिनी घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं?

भावांनी दहा दिवसांत घराचा विषय काढला नव्हता. मीही काढला नाही. घरात दिवा तेवतोय आणि आपण जागेचं विचारायचं, शोभतं का ते?

ऊन चढत चाललं. दिगूदादानं पंच्यानं नुकतं भादरलेलं डोकं पुसलं, गुरुजींच्या हातातल्या दर्भाकडे पाहिलं आणि एकदम मोठ्यानं म्हणाला, "आई, शैलाची चिंता करू नकोस. ते घर तिचंच आहे. ती आहे तोवर तिला तिथून कुणी हलवणार नाही. मी शब्द देतो तुला."

आणि कावळा आला. एकच आला, सरळ पानावर उतरला, भाताला चोच लावली आणि गेला.

"झालं!" गुरुजी म्हणाले आणि दर्भ पुन्हा पिशवीत टाकला. "बघा, एवढंच होतं मनात."

मी मटकन पायरीवर बसले आणि रडले. आई गेल्यापासून मी नीट रडलेच नव्हते. भीतीनं रडूसुद्धा येत नाही माणसाला. अलकावहिनी माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. दिगूदादा नदीकडे तोंड करून उभा होता. माझ्या मनात आलं, केवढं मोठं मन माझ्या भावाचं! आणि मी दहा दिवस काय काय भलतंसलतं मनात आणत होते.

घाटाच्या वर गाडी उभी होती, पांढरी, लांबलचक. श्रीरंगनं ती कॅनडाला असतानाच, म्हणजे तिकीट काढता काढताच ठरवून ठेवली होती. कसलीशी प्रायव्हेट टूर होती ती. सकाळी गोदावरीचा घाट आणि मंदिरं, दुपारी नदीच्या खोऱ्यातले द्राक्षाचे मळे, एक वायनरी, तिथंच जेवण, संध्याकाळी घरपोच. पाण्याच्या बाटल्या फुकट.

"सकाळच्या घाटात आपण दहावा बसवला," तो म्हणाला. "आता दुपारचं राहिलंय."

"अरे, आईच्या दहाव्याच्या दिवशी दारूच्या कारखान्यात?" मी म्हटलं.

"ताई, सुतक फिटलं ना आज? मी गुरुजींना विचारलंय."

"काय विचारलंस? पिऊ का म्हणून?"

"फिरायला जाऊ का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, जा." तो हसला. "उद्या रात्री माझं विमान. पुन्हा आपण तिघं एका गाडीत कधी बसणार, सांग बरं? आणि तू जन्मभर नाशकात राहून एक मळा पाहिला नाहीस."

ते खरं होतं. एरवी मी त्याला असा सोलून काढला असता की विमानापर्यंत गप्प बसला असता. पण त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला होता. त्यांनी मला चंद्रावर नेलं असतं तरी गेले असते. आम्ही घरी जाऊन कपडे बदलले, शेजारच्या पाटणकरबाईंना 'जरा देवदर्शनाला जाऊन येतो' असं सांगितलं आणि निघालो.

दिंडोरीचा रस्ता धरला. गाव मागे पडलं तसे दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव सुरू झाले. माघ सरत आला होता, हवेत उकाडा नव्हता, गारवाही नव्हता. कादवा नदीचा पूल ओलांडला तेव्हा खाली पाणी चांगलं दिसत होतं आणि बायका धुणी धूत होत्या. पुढे मांडव संपले आणि तारांवर चढवलेल्या वेलींच्या ओळी लागल्या, कमरेएवढ्या उंचीच्या, टेकडीपर्यंत एकासारख्या एक. ड्रायव्हर म्हणाला की ही वाइनची द्राक्षं, बाजारात जात नाहीत. तोडणी चालली होती. डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया कात्रीनं घड तोडून क्रेटमध्ये टाकत होत्या आणि मोठमोठ्यानं बोलत होत्या.

"थांबव रे जरा," दिगूदादा ड्रायव्हरला म्हणाला. उतरून त्यानं एका बाईकडे एक घड मागितला आणि तो पहिल्यांदा माझ्या हातात ठेवला. मणी लहान, काळे, आत बियाच बिया आणि साल जाड. गोड होते, पण खाल्ल्यावर जिभेला चरचरत होतं.

"लहानपणी असाच पेरू आणून देत होतास," मी म्हटलं. "अर्धा खाऊन."

"अर्धा नव्हे, एकच चावा," तो म्हणाला. "गोड आहे की नाही ते बघायला नको?"

हसलो आम्ही. श्रीरंगच्या झोपेचं खोबरं झालं होतं, कॅनडाच्या वेळेचा घोळ अजून निस्तरला नव्हता; तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेला. त्या तुळतुळीत डोक्याची ऊब मला खांद्यावर जाणवत होती. मी मनात बेत रचत होते. पावसाळ्यापूर्वी घराला रंग काढायचा. आईची कॉट काढली की आतल्या खोलीत आणखी दोन मशिनी बसतील. पाटणकरबाईंची सून कधीची मागे लागली होती, तिला सकाळची बॅच लावून द्यायची. मला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आईच्या दहाव्याला आपण आनंदात आहोत, याची लाजही वाटत होती.

वायनरी टेकडीच्या कुशीत होती. वर गच्चीसारखी मोठी जागा, छत्र्यांखाली टेबलं, समोर सगळं खोरं पसरलेलं आणि खाली नदी. दुपारची वेळ, गर्दी बेताची. माझे दोन्ही भाऊ चकोट करून तिथं शिरले तेव्हा शेजारच्या टेबलावरची तरुण मंडळी वळून वळून पाहायला लागली. टोप्या गाडीतच राहिल्या होत्या. वाइन चाखवायला आलेली मुलगी मोठी गोड होती. ट्रे ठेवता ठेवता तिनं विचारलं, "सर, बालाजीहून आलात का?"

"हो," श्रीरंग म्हणाला. "तसंच काहीसं."

मला ठसका लागला. वहिनीसुद्धा हसल्या. मुलीनं सांगितलं, पेला असा धरायचा, असा फिरवायचा, आधी वास घ्यायचा, मग एक घोट तोंडात घोळवायचा, आणि नको असेल तर ह्या भांड्यात थुंकायचा. श्रीरंगनं सगळं रीतसर केलं. दिगूदादानं मात्र वासबीस न घेता पेला एका दमात रिकामा केला. माझ्यासमोर तो कधीच घेत नसे, म्हणून मला जरा नवल वाटलं. मला द्राक्षाचा नुसता रस आणून दिला.

"दुसरा आणा," दादा म्हणाला.

"अहो, हळू," वहिनी म्हणाल्या.

मुलगी गेली. मी रसाचा घोट घेतला आणि म्हटलं, "दादा, सकाळी तू बोललास ना, मला फार बरं वाटलं रे. तुला सांगते, दहा दिवस मी काळजीनं पोखरून गेले होते. आता कागदोपत्री काय करायचं ते तुमच्या सवडीनं करा, मला घाई नाही. रंगाचा खर्च मी करीन. फक्त ती आतली खोली—"

मी बोलत होते आणि माझ्या लक्षात आलं की टेबलावर कुणी माझ्याकडे बघत नाहीये. वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. दादा खालच्या नदीकडे बघत होता. श्रीरंगनं आपला पेला टेबलावर ठेवला.

"ताई," तो म्हणाला, "त्यासाठीच तुला इकडे आणलं. घरी बोलता येत नाही, पाटणकरबाई भिंतीला कान लावून असतात."

"काय बोलायचंय?"

"तू सांग दादा."

"मी काय सांगू?" दादा म्हणाला. "तूच सांग. ठरवलंस तूच."

"मी एकट्यानं ठरवलं?"

"अरे, कुणीतरी सांगा!" मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण शेजारची तरुण मंडळी गप्प झाली.

शेवटी वहिनींनीच सांगितलं. पर्स मिटली आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "शैलाताई, घराचा व्यवहार झालाय. बिल्डरला दिलं. शेजारचा प्लॉट त्यानं घेतलाच होता. एप्रिलअखेर मोकळं करून द्यायचंय. तुम्ही आमच्याकडे पुण्याला यायचं, ह्यांचं आणि माझं तसं ठरलंय. मागची खोली रिकामीच असते. माझे गुडघे हे असे. अनघाचं लग्न झालं की घरात दोनच माणसं. तुमचाही वेळ जाईल, आमचीही सोय होईल."

"मशिनी?" मी विचारलं. पहिलं तोंडातून तेच आलं.

"एखादी ठेवू की खोलीत," त्या म्हणाल्या.

मी दादाकडे वळले. "मग सकाळी काय बोललास तू? आईला शब्द दिलास ना? सगळ्यांच्या देखत? कावळा शिवला तुझ्या शब्दावर!"

दादाचं डोकं घामानं चमकत होतं. "शैला, ऊन झालं होतं. गुरुजी दर्भाचा कावळा करत होते, लोक बघत होते. काहीतरी बोलायला हवं होतं."

"काहीतरी?"

"तसं नव्हे. पण तिथं काय कुणी करारनामा करतं का? कावळ्यासाठी म्हणायचं असतं ते. सगळेच म्हणतात. तू इतकी शिकलेली आणि खरं धरून बसलीस?"

हो, धरून बसले. मी दुसरं काय धरणार होते? आमच्याकडे दहाव्याला माणूस जे बोलतो ते मेलेल्या माणसाशी बोलतो, मला तरी लहानपणापासून तेच शिकवलं होतं. आणि ह्याला तर आईनंच शिकवलं होतं. अंगाचा असा तिळपापड झाला की समोरचा पेला उचलून त्याच्या टकलावर ओतावा असं वाटलं.

"तुमचा व्यवहार होतोच कसा?" मी म्हटलं. "घर आईच्या नावावर आहे. मी तिची मुलगी आहे की नाही? मी कोर्टात जाईन. गल्लीतल्या वकिलाच्या बायकोला मी शिवण शिकवलंय."

"ताई, घर आईच्या नावावर नव्हतं," श्रीरंग म्हणाला. "दिवाळीपासून नव्हतं."

"म्हणजे?" 

"तिनं दिवाळीत आम्हा दोघांच्या नावावर करून दिलं. बक्षीसपत्र. मी तेव्हाच माझ्या सहीचे कागद पाठवले होते दादाकडे."

"दिवाळीत ती कॉटवरून उठू शकत नव्हती!"

"तशी अंथरुणावरची माणसं असली तर रजिस्ट्रेशनचा साहेब घरी येतो," दादा हळूच म्हणाला. "भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आला होता. तू त्र्यंबकला गेली होतीस, तुझ्या त्या मैत्रिणीकडे."

गेले होते. दादा-वहिनी दिवाळीला आले होते आणि वहिनीच म्हणाल्या होत्या, 'शैलाताई, वर्षभर राबताय, एक दिवस मोकळ्या व्हा, सासूबाईंचं मी बघते.' मी मैत्रिणीकडे जाऊन दिवसभर लोळले होते, येताना वहिनींसाठी पेढे आणले होते. रात्रभर त्यांचे गोडवे गायले होते आईजवळ. आई भिंतीकडे तोंड करून ऐकत होती.

"तुम्ही तिला फसवलंत," मी म्हटलं. "औषधाच्या गुंगीत असायची ती. काय दाखवून सही घेतलीत?"

"नाही, शैला," दादा म्हणाला. "आईची शप्पथ, नाही. तिनंच फोन करून बोलावलं होतं मला. मी म्हटलंसुद्धा तिला, शैलाचं काय? तर म्हणाली, मुलांचं मुलांना जाऊ दे. शैला काय, तुम्ही बहिणीला टाकणार आहात थोडेच?"

"खोटं बोलतोस."

"मी म्हटलं, मग तिला सांगून टाक, नाहीतर मी सांगतो. तर माझा हात घट्ट धरला तिनं." वहिनींनी त्याला डोळ्यांनी खुणावलं, पुरे म्हणून. पण पेला पोटात गेला होता आणि तो थांबला नाही. "म्हणाली, दिगू, तिला आत्ता सांगू नकोस रे. मी आहे तोवर कळू देऊ नकोस. तिला कळलं तर मग माझं कोण करील?"

त्या क्षणी ती मुलगी दादाचा दुसरा पेला घेऊन आली. तिनं तो नीट टेबलावर ठेवला, खालून रुमाल सारला आणि आम्हाला काही हवंय का म्हणून विचारलं.

माझं कोण करील.

मी भावांशी भांडले असते. कोर्टात गेले असते, गल्ली गोळा केली असती, पाटणकरबाईंना साक्षीला उभं केलं असतं. त्या दोघांना पुरून उरायची धमक होती माझ्यात. पण ह्या वाक्याशी कसं भांडायचं? दिवाळीपासून पुढचे तीन महिने माझ्या डोळ्यांपुढे आले. सकाळी मी तिला कुशीवर वळवायची तेव्हा ती माझा हात कुरवाळायची. 'बाई माझी ती,' म्हणायची, जे आधी आयुष्यात कधी म्हणाली नव्हती. घास भरवताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. मला वाटायचं, दुखतंय तिला. मी डॉक्टरांकडून दुखण्याची गोळी वाढवून आणली. मैत्रिणीला कौतुकानं सांगितलं, आजारपणात का होईना, आईनं मला जवळ केलं गं! आणि ती बाई मला भीत होती. सांगितलं तर ही आपल्याला ओल्यात पडू देईल, उपाशी ठेवील, असं तिला माझ्याबद्दल वाटत होतं. एका घरात, एका खोलीत जन्म काढून तिनं मला एवढंच ओळखलं.

घर तिनं कुणालाही द्यावं. तिचं होतं. मला वाईट वाटलं असतं, चार दिवस मी धुसफुसले असते, भांडी आपटली असती. आणि पाचव्या दिवशी तिला न्हाऊ घालून वेणी घातली असती. केलं असतं गं मी. मला विचारून तर बघायचंस! पण हे आता सांगायचं कुणाला?

"ताई, काहीतरी बोल," श्रीरंग म्हणाला. सकाळी गुरुजी म्हणत होते त्याच सुरात.

"जेवण सांगा," मी म्हटलं. "पैसे भरलेत ना जेवणाचे?"

जेवलो आम्ही. खरंच जेवलो. मी पनीर खाल्लं, भात खाल्ला. वहिनींना इतका धीर आला की त्यांनी पुण्यातल्या मागच्या खोलीला उजेड कसा छान येतो ते सांगायला घेतलं. निघताना ती मुलगी धावत आली. तुमच्या टूरमध्ये एक फॅमिली फोटो आहे म्हणाली, मागे मळे येतील असा. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. दादा आणि श्रीरंग दोन्ही बाजूंना आणि मी मध्ये. "मॅडम, थोडंसं हसा ना," ती म्हणाली, आणि मी हसले.

परतीच्या वाटेवर मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. कादवेच्या पुलावर श्रीरंग मागून म्हणाला, "ताई, मी तिकडून दर महिन्याला तुला पाठवत जाईन. तू मनाला लावून घेऊ नकोस." वहिनींनी विचारलं, "मग शैलाताई, पुण्याला कधी येताय? तेरावं झालं की आमच्याबरोबरच निघता का?"

"वहिनी," मी म्हटलं, "तुमच्या गुडघ्यांसाठी बाई ठेवा. मी येणार नाही. तुमचं कोण करील ही काळजी तुम्ही आत्तापासून करायला घ्या."

गाडी घरापाशी थांबली. पाटणकरबाई दारातच उभ्या होत्या. "झालं का छान दर्शन?" त्यांनी विचारलं. "झालं," मी म्हटलं. "अगदी जवळून झालं."

मी कोर्टात गेले नाही. एप्रिलमध्ये सातपूरला वरच्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेतली, तीन मशिनी विकल्या, दोन चढवल्या. क्लास पुन्हा उभा केला. अजून चालतो. श्रीरंगचे पैसे दोनदा आले, दोनदा मी परत पाठवले, मग यायचे थांबले. दादा भाऊबिजेला एकदा जिन्यापर्यंत आला होता. मी त्याला चहा दिला, ओवाळलं नाही. त्याला ते समजलं, पुन्हा आला नाही.

पण श्रीरंग फोन करतो. भाद्रपदात, पितृपंधरवड्यात, आईच्या तिथीला न चुकता करतो. तिकडे त्याला काही करता येत नाही, दादाच्यानं होत नाही, म्हणून सगळी भिस्त माझ्यावर. यंदाही केला होता.

"ताई, आईचं पान ठेवलंस ना?"

"ठेवलं," मी सांगते.

"खीर, वडे, सगळं केलंस?"

"सगळं केलं. तिला आवडायची तशी कढीसुद्धा केली."

"बरं झालं गं," तो म्हणतो. "तू आहेस म्हणून आईचं होतं तरी."

मग फोन ठेवते, कुकरला माझ्यापुरती खिचडी लावते आणि दुपारच्या बॅचच्या मुली यायच्या आत जेवून घेते.